बडोदं, तुवा, गिफ्ट सिटी, खंभात : जमिनीखालच्या उष्णतेच्या मागावर

गुरुवार

सकाळी दांडिया बाजारातून आत्याला घेतलं, नाना मकरपुऱ्याहून आधीच येऊन बसले होते, आणि गोल्डन चोकडीवरून हालोलच्या रस्त्याला लागलो. आधी ट्रिपचं कारण सांगतो. आत्याचा मुलगा म्युनिकला राहतो, त्याच्या फ्लॅटमध्ये गीझर नाही बॉयलर नाही, तळघरात एक छोटासा हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्या पाण्याला देणारं यंत्र आहे आणि रस्त्याखालच्या पाइपातून गरम पाणी येऊन बिल्डिंगला उष्णता देऊन परत जातं. याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात, आणि म्युनिकच्या महापालिकेची कंपनी आता ही उष्णता २०४० पर्यंत मुख्यतः जमिनीखालून काढायच्या मागे आहे. आमचे नाना म्हणजे माझे मोठे काका, आख्खी नोकरी तेलाच्या रिगवर, मड इंजिनियर होते, म्हणजे खणताना बोअरमध्ये सोडायचा चिखल, मड, बघणारे. दिवाळीत आतेभावाने फोनवर त्यांना सांगितलं की बव्हेरियात एका गावाजवळ असं बोअर केलंय ज्यातून खालचं पाणी काढतच नाहीत, फक्त उष्णता काढतात, तेव्हापासून नानांना चैन नाही. मग म्हटलं चला, आपल्या आसपास जमिनीखालची उष्णता कुठं कुठं दिसते ते तरी बघून येऊ. आत्याला डाकोरचं दर्शन हवं होतं, तेही त्याच वाटेवर.

आजव्याचा फाटा गेला तेव्हा नाना म्हणाले की सयाजीराव महाराजांनी १८९० च्या सुमाराला इथं तलाव बांधून बडोद्याला उताराने पाइपातून पाणी नेलं, तेव्हा शहरात विहिरी होत्याच की, लोकांचं काही अडलं नव्हतं. मी तेव्हा नुसता हो म्हणालो, पण हे वाक्य पुढं पूर्ण ट्रिपभर डोक्यात राहिलं.

पावागड दिसायला लागला आणि नानांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्ही बडोदेकर महाकालीच्या दर्शनाला शंभर वेळा गेलेलो, पण नाना त्याच्याकडे दगड म्हणून बघतात. म्हणे हा सगळा दख्खनचा लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हाच लाव्हा पश्चिमेला खंभातकडे गेलं की जमिनीच्या कित्येक किलोमीटर खाली सापडतो, त्याच्या वर गाळाचे थर साचलेत आणि त्या थरांतच गुजरातचं तेल आणि गॅस. म्हणजे इथं डोक्यावर असलेला दगड तिथं तळाला. मधला भाग खचत गेला, तिथलं कवच ताणून पातळ झालं, म्हणून त्या पट्ट्यात खालची उष्णता वर जास्त येते. साधारण कुठंही खाली गेलं तर दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं, खंभातच्या खोऱ्यात काही ठिकाणी ते ४० च्या वर जातं. हिशोब सोपा आहे, वर २७ धरा, अडीच किलोमीटर खाली गेलात की सव्वाशेच्या पुढं. नानांनी हे आकडे विहिरीत थर्मामीटर सोडून बघितलेत, त्यामुळे ते बोलतात तेव्हा मी मधे बोलत नाही.

गोध्रा ओलांडून तुव्याला पोचलो. इथं जमीन वेगळी, सगळा जुना ग्रॅनाइट. कुंडं शेजारी शेजारी, एकात पाणी नुसतं कोमट आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्यात हात धरवत नाही. लोक त्वचेच्या आजारासाठी आंघोळीला येतात, आत्याने पाय बुडवून घेतले आणि गुडघ्याला बरं वाटलं म्हणाली. नानांनी समजावलं की पावसाचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून खूप खोल जातं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना वाटेत गार होतं, उथळ पाण्यात मिसळतं, म्हणून कुंडात जे मिळतं ते खालच्यापेक्षा खूप कमी. शास्त्रज्ञ पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून खाली किती तापमान असेल त्याचा अंदाज काढतात.

पण खरी अडचणही इथंच कळते. गरम दगड भरपूर ठिकाणी आहे, भेगा आणि पाणी मात्र सगळीकडे नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९९१ च्या अ‍ॅटलसमध्ये देशभरातले ३४० गरम झरे नोंदवलेत, एवढ्या मोठ्या देशात एवढेच. जिथं निसर्गाने तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या तिथंच जुनं जिओथर्मल, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवरचं काम, चालतं. बंद लूपचा, म्हणजे बव्हेरियातल्या त्या बोअरसारखं बंद नळीत आपलंच पाणी फिरवायच्या पद्धतीचा, सगळा मुद्दा हा की पाणी आणि भेगा या दोन अटी काढून टाकायच्या, फक्त गरम दगड पुरे.

तिंबा रोड, सेवालिया करत डाकोरला आलो, दर्शन झालं, तिथली गोटे नावाची भजी खाल्ली, रात्री आणंदला वहिनीच्या माहेरी मुक्काम.

रात्री जेवण झाल्यावर म्युनिकला व्हिडिओ कॉल लावला आणि तो कॉल खूप लांबला. आतेभाऊ मागच्या उन्हाळ्यात सायकलने गेरेट्सरीडला जाऊन आला होता. म्युनिकच्या दक्षिणेला साधारण २५ हजार वस्तीचं गाव, दुसऱ्या महायुद्धात तिथं जंगलात दारूगोळ्याचे कारखाने होते आणि युद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेली जर्मन कुटुंबं तिथं येऊन राहिली. या गावाजवळ २०१३ मध्ये नेहमीच्या पद्धतीचं बोअर केलं होतं, तापमान छान मिळालं पण पाणी पुरेसं लागलं नाही, आणि प्रकल्प पडला. म्युनिकच्या आसपास खोलवर चुनखडीचा थर आहे, त्यात गरम पाणी असतं, उंटरहाखिंगला ३ किलोमीटरच्या जरा पुढं १२० अंशांच्या वर मिळालं, म्युनिक शहरातच शेफ्टलार्नश्ट्रासेला सहा बोअर आहेत. पण गेरेट्सरीडला तो थर कोरडा निघाला. मग कॅनडातल्या कॅलगरीची ईव्हर नावाची कंपनी तिथंच आली, जुलै २०२३ ला ड्रिलिंग सुरू केलं. दोन उभी बोअर साधारण साडेचार किलोमीटर खाली, तिथून आडव्या फांद्या, प्रत्येक सुमारे ३ किलोमीटर, आणि एका बोअरची फांदी खाली दुसऱ्या बोअरच्या फांदीला नेमकी जोडायची. एका बाजूने गार पाणी खाली जातं, आडव्या फांद्यांतून फिरताना दगडाची उष्णता घेतं, दुसऱ्या बाजूने वर येतं. वर हीट एक्स्चेंजरला उष्णता देऊन तेच पाणी परत खाली. दगडातलं पाणी यात येत नाही, आपलं पाणी दगडात जात नाही.

आत्या इतका वेळ ऐकत होती, ती म्हणाली म्हणजे आपल्या बंबासारखं ने, विस्तव आणि पाणी एकमेकाला शिवत नाही पण पाणी तापतं. नाना म्हणाले अगदी तसंच, फक्त नळी इथं कित्येक किलोमीटर.

मग नानांनी विचारायला सुरुवात केली आणि मी वहीत लिहीत गेलो. पहिला प्रश्न केसिंगचा, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालायच्या पाइपाचा, एवढ्या लांब आडव्या बोअरला स्टीलचं केसिंग टाकलं तर पैसे कुठून आणणार. उत्तर असं की आडव्या भागात केसिंगच नाही, ड्रिल करतानाच एक रसायन सोडून बोअरच्या भिंती बंद करत जातात. मड इंजिनियर माणूस, हे ऐकून नाना खुर्चीत पुढं सरकले. दुसरा प्रश्न, दोन फांद्या अंधारात भेटवता कशा. तर एका बोअरमधून चुंबकीय सिग्नल, दुसऱ्यात तो पकडणारं यंत्र, त्यावरून दिशा वळवत न्यायची. तिसरा प्रश्न पंपाचा. इथं गंमत आहे, गार पाणी जड ते खाली जातं, गरम हलकं ते वर येतं, एकदा सुरू झालं की फरकावरच फिरत राहतं, याला थर्मोसायफन म्हणतात. साध्या जिओथर्मलमध्ये खोल पाण्याच्या पंपाला बरीच वीज जाते, ती इथं वाचते.

पूर्ण प्रकल्प चार लूपचा ठरवला होता, ६४ मेगावॉटच्या आसपास उष्णता आणि ८.२ मेगावॉट वीज, युरोपियन युनियनच्या इनोव्हेशन फंडातून ९ कोटी १६ लाख युरोंची मदत. २०२५ च्या शेवटी पहिल्या लूपवरून वीज ग्रिडला गेली. ६४ आणि ८ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. उष्णता म्हणून विकली तर वीज करण्यापेक्षा कितीतरी जास्त हातात येतं, कारण एवढ्या तापमानाला वीज करताना बहुतेक उष्णता वाया जाते. म्हणून डिस्ट्रिक्ट हीटिंग. गरम पाणी घ्यायला शेजारी घरं आणि पाइप असले तरच एवढं खोल खणणं परवडायची आशा.

नानांची शेवटची शंका मात्र सगळ्यात महत्त्वाची होती. दगड उष्णता फार हळू देतो. पाइपाजवळचा दगड सुरुवातीला पटकन गार होतो, मग लांबून उष्णता हळूहळू सरकत येते, त्यामुळे पहिल्या काळात उत्पादन उतरतं आणि मग एका पातळीवर स्थिरावतं. म्हणूनच एवढे किलोमीटर खणावे लागतात, आणि खणणं म्हणजेच पैसा. आतेभावाने हे नाकारलं नाही. म्हणाला इथंही याच्यावरच वाद आहे, खर्च खाली आला नाही तर हे पुढं जाणार नाही.

शुक्रवार

सकाळी अमूलच्या डेरीवरून गेलो. आत गेलो नाही, पण नाना गाडीतूनच म्हणाले, दूध पाश्चराइज करायला ७२ अंश पंधरा सेकंद, भांडी पाइप धुवायला ८० च्या आसपास गरम पाणी, आणि यासाठी आपण गॅस नाहीतर कोळसा जाळून शेकडो अंशांची ज्योत पेटवतो. पावडरला जास्त तापमान लागतं ते वेगळं. युरोपात घरं तापवतात म्हणून आपल्याला वाटतं हे आपल्या कामाचं नाही, बडोद्यात हीटर लावतो कोण, पण उष्णतेचं गिऱ्हाईक घरच असायला पाहिजे असं थोडीच आहे.

एक्स्प्रेसवेने अहमदाबाद आणि दुपारी गांधीनगरच्या बाजूला गिफ्ट सिटी. भाचा तिथं एका टॉवरमध्ये बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो, त्याने पास काढून ठेवला होता. मला या ट्रिपमधली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते आणि इथं गरम असं काहीच नाही. गिफ्ट सिटीत डिस्ट्रिक्ट कूलिंग आहे, देशातलं या तऱ्हेचं पहिलं, एका प्लांटमध्ये पाणी गार करतात आणि जमिनीखालच्या युटिलिटी बोगद्यातून पाइपाने एकेका टॉवरला देतात. भाच्याने तळघरात नेलं. जाड इन्सुलेशन घातलेले दोन पाइप भिंतीतून येतात, एक जाणारा एक येणारा, मधे प्लेट हीट एक्स्चेंजर, मीटर, व्हॉल्व्ह. बस एवढंच. गच्चीवर एसीची यंत्रं नाहीत. मी फोटो काढून म्युनिकला पाठवला, आतेभावाचा उलट फोटो आला त्याच्या तळघरातला, आणि खरं सांगतो, दोन्ही फोटोंत फरक शोधावा लागतो. तिकडच्या पाइपात गरम पाणी, इकडच्यात गार.

म्हणजे जाळं टाकायचं, मीटर लावायचं, महिन्याचं बिल करायचं, पाइप गळला तर कोणी बघायचं, हे सगळं गुजरातमध्ये कुणीतरी शिकून बसलंय. हे ऐकून आहोत सगळे, पण तळघरात उभं राहून बघितल्यावर वेगळंच पटतं.

अर्थात इथले चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, विजेवर चालतात. उष्णतेवर चालणारे चिलर असतात, लिथियम ब्रोमाइडवाले, पुण्याची थरमॅक्स अशी यंत्रं बनवते, ८०-९० अंशांचं पाणी दिलं की काम होतं. मग खालची उष्णता वर आणून त्यावर उन्हाळ्यात थंडावा का नाही? मी हे उत्साहात बोललो तर भाच्याने लगेच हिशोब मांडला, साध्या एकपदरी यंत्रात १० युनिट उष्णता घातली की ७ युनिटच्या आसपास थंडावा मिळतो, आणि चांगला विजेचा चिलर एका युनिट विजेवर पाच-सहा देतो. त्यामुळे चार किलोमीटर खणून काढलेली उष्णता सरळ थंडाव्यात घालवणं महाग पडेल, आधी जिथं उष्णताच हवी तिथं द्यावी, उरली तर थंडावा. पोरगा शहाणा आहे.

पंडित दीनदयाळ एनर्जी युनिव्हर्सिटी जवळच, रायसणला. तिथं जिओथर्मलचं सेंटर आहे आणि धोलेरा, उनाई अशा जागांवर त्यांचं काम झालंय. बाहेरूनच बघून पुढं निघालो, संध्याकाळ झाली होती.

शनिवार

सकाळी कलोलच्या बाजूने फिरलो. शेतात मान खालीवर करणारे तेलाचे पंप, आजूबाजूला एरंडा, नानांचा चेहरा बघण्यासारखा. एका बंद विहिरीशी थांबलो, वर लोखंडी डोकं आणि बाजूला कुंपण, तेल संपलं की सिमेंट भरून विहीर बंद करतात. भोक तर आधीच पडलंय, मग त्यातच पाइपात पाइप घालून पाणी फिरवलं तर? हे मी विचारलं.

नाना म्हणाले करतात. स्वित्झर्लंडला वेगिस गावात १९९४ पासून २,३०० मीटरच्या एका बोअरमधून असंच पाणी फिरवून घरं तापवतात. चीनमध्ये शीआन शहरात दोन-अडीच किलोमीटरच्या अशा बोअरवर बिल्डिंगा तापवायचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं. आणि जर्मनीत आखेनच्या युनिव्हर्सिटीने अडीच किलोमीटर खणलं, पण आतला पाइप ठरल्याप्रमाणे बसला नाही, पुरेसं गरम पाणी वर येईना. एका उभ्या विहिरीतून मिळतं ते काही घरांपुरतं, शहराला पुरेल असं नाही. शिवाय जुन्या विहिरीचं सिमेंट, केसिंग किती गंजलंय, गॅस कुठून झिरपतोय, हे एकेका विहिरीचं वेगळं तपासावं लागतं. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ ला केंद्राने जिओथर्मलचं राष्ट्रीय धोरण काढलं त्यात जुन्या तेलविहिरी वापरायचा विषय आहे, चांगलंय, पण विहीर शेतात आणि उष्णतेचं गिऱ्हाईक वीस किलोमीटरवर असेल तर पाइपातच सगळं जाईल, असं नानांचं स्पष्ट मत.

दुपारी वटामण, तारापूर करत खंभात. लूणेजला १९५८ मध्ये इथं पहिली विहीर लागली तेव्हा तेल आयोग, म्हणजे आताची ओएनजीसी, जेमतेम दोन वर्षांचा होता, सोव्हिएत माणसं शिकवायला होती, आणि दोन वर्षांत अंकलेश्वर लागलं. नाना हे सांगताना गप्प होत होत सांगतात. त्यांचे साहेब त्या पिढीतले.

खंभातच्या चौकात हलवासन घेतलं, अकीकवाल्यांची दुकानं बघितली, आणि समुद्राच्या बाजूला बसून नानांनी मला या ट्रिपमधली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. खंभातचं खोरं गरम आहे हे खरं, पण ते गरम असण्याचं एक कारण म्हणजे वरचा शेल, चिखल घट्ट होऊन झालेला थराथराचा दगड. शेल उष्णता वाहून नेत नाही चांगली, म्हणून खालची उष्णता अडकून राहते आणि थर्मामीटर जास्त दाखवतो. बंद लूपला मात्र उष्णता दगडातूनच पाइपाकडे वाहत यायला हवी. म्हणजे जो शेल तापमान वाढवतो तोच लूपला उष्णता द्यायला कंजूष. आडव्या फांद्या शेलमध्ये काढून उपयोग नाही, खाली लाव्ह्यात किंवा त्याच्याही खालच्या जुन्या दगडात जायला पाहिजे, तिथं खणणं कठीण, बिट लवकर झिजतात. नुसता तापमानाचा नकाशा बघून उड्या मारणारे बरेच लेख मी वाचलेत, हा मुद्दा त्यात मला कुठं दिसला नव्हता.

मी विचारलं मग नाही म्हणायचं का? नाना म्हणाले, नाही कशाला, खणायला माणसं आहेत. बडोद्यात मकरपुऱ्याला, अंकलेश्वरला, मेहसाण्याला तिरकं आडवं बोअर करणारी माणसं बसलीत, मड करणारी, सिमेंट करणारी, लॉगिंग म्हणजे विहिरीत यंत्र सोडून मोजमाप करणारी. लडाखला पुग्यात ४,४०० मीटर उंचीवर तेलवालेच जिओथर्मलचं बोअर करायला गेलेत ने. खणायला शिकायला आपल्याला फार वेळ लागणार नाही. विकायचं कुणाला ते सांग.

रविवार

बोरसद, वासद करत महीचा पूल ओलांडला. आत्याला घरी सोडायच्या आधी नानांनी गाडी नंदेसरीकडे घ्यायला सांगितली. एका बाजूला केमिकलच्या कंपन्या आणि थोडं पुढं कोयलीची रिफायनरी, १९६५ पासूनची. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही कूलिंग टॉवरांवरची वाफ बघत होतो. ती सगळी उष्णता हवेत जाते. आणि त्याच पट्ट्यात बाजूच्या कंपनीत पाणी तापवायला बॉयलर पेटलेला.

इथं माझं मत पक्कं झालं. बडोद्याजवळ उद्याच चार किलोमीटर खणायला जाऊ नये. आधी पाइप टाकावेत. एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जे उष्णता फेकतात त्यांच्याकडून घ्यावी आणि ज्यांना १०० अंशांखालचं गरम पाणी लागतं त्यांना मीटरने द्यावी. युरोपातली बहुतेक जाळी अशीच उभी राहिली, आधी कोळशाची नाहीतर गॅसची उष्णता, आणि आता त्याच पाइपांना जिओथर्मल जोडतात, म्युनिकमधली शेफ्टलार्नश्ट्रासेची सहा बोअर तर जुन्या वीजघराच्या आवारातच आहेत. गेरेट्सरीडच्या लूपलाही उष्णता विकायला पाइप लागतोच. जाळं असेल तर स्रोत बदलता येतो, आज रिफायनरीची वाफ, पंधरा वर्षांनी लूप स्वस्त झाला तर लूप. जाळंच नसेल तर जगातलं सगळ्यात भारी बोअरसुद्धा शेतात नुसतं पडून राहील. आजव्याबद्दल नाना पहिल्या दिवशी जे म्हणाले ते मला इथं येऊन कळलं, पाणी सगळ्यांनी मागायची वाट महाराजांनी बघितली नव्हती.

आणि हे काम कंपन्या एकेकट्या करणार नाहीत. रस्ता खणायची परवानगी, दर ठरवणं, कुणाचा प्लांट बंद पडला तर बॅकअप कोण देणार, यात महापालिका नाहीतर इंडस्ट्रियल इस्टेटची असोसिएशन मधे पडलीच पाहिजे.

दांडिया बाजारात आत्याकडे चहा घेताना नानांनी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला घेतली, डेरी, हॉस्पिटलच्या लॉन्ड्री, कापड रंगवणारे, औषधाच्या कंपन्या, मोठी हॉटेलं, प्रत्येकापुढं किती अंशांचं पाणी आणि दिवसातून किती तास. अर्ध्या रकान्यांत आकडे नाहीत. पुढच्या महिन्यात नाना आणि मी नंदेसरीत दारोदार जाऊन विचारणार आहोत, नानांच्या ओळखी आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी बडोदा, सावली, हालोल भागात बॉयलर बघत असेल तर दोनच आकडे कळवा, पाणी किती गरम लागतं आणि तासाला किती लागतं. कंपनीचं नाव नको.